खाऱ्या टाकीतली सूक्ष्म पेरणी

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

‘‘टाकीत पाणी आहे, हवा आहे, दाणेही वेळेवर टाकतो, मग मासा उपाशी मेला कसा?’’ असा प्रश्न दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने मला विचारला. तेव्हा मला उत्तर देता आले नाही. मी नुसता मान खाली घालून उभा राहिलो. कारण तो मासा गिऱ्हाइकाचा नव्हता, दुकानाचाच होता, आणि त्याच्या मरणात माझाही हात होता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात. तिकडच्या दुष्काळाला कंटाळून वडील द्राक्षबागेच्या कामावर तासगावकडे आले आणि इकडचेच झाले. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. सकाळी एस.टी.ने सांगलीला येतो, तास संपले की शोभेच्या माशांच्या एका दुकानात संध्याकाळी काम करतो आणि शेवटच्या गाडीने घरी जातो. काम म्हणजे टाक्या पुसणे, पाणी बदलणे, मासे पिशवीत बांधून देणे. बहुतेक टाक्या गोड्या पाण्याच्या. खाऱ्या पाण्याची टाकी एकच, दर्शनी भागात ठेवलेली. सांगली-मिरजेत अशी टाकी घरी बाळगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील. समुद्र आपल्यापासून लांब, आणि हा षौकही महाग.

त्या टाकीत मालकांनी एक मँडरिन मासा आणून सोडला. हा मूळचा फिलिपाइन्सच्या बाजूच्या पश्चिम पॅसिफिक समुद्रातला. लांबी जेमतेम माझ्या बोटाएवढी; पण अंगावर निळ्या रंगाचे आणि त्यात नारिंगी वळणावळणांच्या रेघांचे असे काही काम, की पैठणीच्या पदरानेही लाजावे. त्याची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराइतकी होती. तो सतत खडकावरून हळूहळू सरकत असे आणि एकेका जागी थबकून काहीतरी टिपत असे. आम्ही वरून रंगीत दाणे टाकायचो. बाकीचे मासे झडप घालत, हा तिकडे पाहतसुद्धा नसे. ‘नवा आहे, सवय होईल,’ असे आम्ही म्हणत राहिलो.

पंधरा दिवसांत त्याचे पोट आत गेले. मग पाठीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले. पाचव्या आठवड्यात एका सकाळी तो वाळूवर आडवा पडलेला मिळाला. रंग मात्र तसाच होता, हे मला फार विचित्र वाटले.

आता यात माझा हात कसा, ते सांगतो. तो येण्याच्या महिनाभर आधी त्या टाकीतल्या माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले होते. हा एका सूक्ष्म परजीवीचा रोग. त्यावर तांब्याचे औषध देतात. मालकांनी सांगितले आणि मी बाटली मोजून टाकीत ओतली. मासे बरे झाले. सगळ्यांना आनंद झाला. तांब्याने आणखी कोणाचा जीव घेतला, हे तेव्हा कोणाच्या ध्यानातही आले नाही, कारण ते जीव डोळ्यांना दिसतच नव्हते.

द्राक्षबागेत वाढलेल्या मुलाला खरे म्हणजे हे आधी सुचायला हवे होते. मोरचूद आणि चुना मिसळून केलेले बोर्डो मिश्रण वडील वर्षानुवर्षे फवारत आले आहेत. मोरचूद म्हणजे तांब्याचेच क्षार. ते केवड्याच्या बुरशीला मारते, ते तांब्यामुळेच. पाण्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास तांबे असले तर बहुतेक मासे ते सोसतात. परंतु झिंगे, खेकडे यांच्या कुळातील लहान जिवांना तेवढे पुष्कळ होते. शिवाय खाऱ्या टाकीतली वाळू आणि खडक चुनखडीचे असतात. ते तांबे धरून ठेवतात आणि पुढे कित्येक दिवस थोडे थोडे सोडत राहतात. म्हणजे आम्ही मँडरिन माशाला ज्या घरात राहायला आणले, त्या घरातले धान्य आधीच जाळून टाकले होते.

हे धान्य म्हणजे कोपेपॉड. ग्रीक भाषेत ‘कोपे’ म्हणजे वल्हे आणि ‘पोद’ म्हणजे पाय; वल्ह्यासारखे पाय मारीत जाणारे, म्हणून हे नाव. झिंग्या-खेकड्यांचे हे दूरचे भाऊबंद. लांबी बहुधा अर्ध्या ते दोन मिलिमीटरपर्यंत, म्हणजे खसखशीच्या दाण्याच्या आसपास. त्यांच्या सुमारे १३ हजार जाती आजवर ओळखल्या गेल्या आहेत. समुद्रातील वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, हे खातात आणि यांना मासे खातात. सूर्याच्या उन्हापासून सुरू झालेली अन्नाची साखळी माशाच्या तोंडापर्यंत पोचते ती बव्हंशी यांच्या अंगावरून. आपल्या बाजारात बर्फात घालून येणारा बांगडा मोठा झालेला असतो तो मुख्यतः असल्याच प्लवकांवर. त्यांच्या अंगात जी विशिष्ट स्निग्धाम्ले असतात, ती समुद्री माशांच्या पिलांचे डोळे आणि मेंदू घडायला लागतात, आणि कोरड्या दाण्यात ती त्या प्रमाणात उतरत नाहीत.

मँडरिन मासा दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत हे एकेक टिपत असतो. आपण दोन वेळा पोटभर जेवतो. त्याचे तोंड लहान आणि पोटही लहान, म्हणून तो दिवसभर चरतो. त्याला शेळीसारखे रान लागते. दिवसातून दोनदा पेंडीची पाटी पुढे ठेवून त्याचे भागत नाही.

एवढी माहिती मला एका दिवसात मिळाली नाही. मोबाइलवर बरेच काही असते, पण सगळे इंग्रजीत, आणि माझे इंग्रजी बारावीपर्यंत कसे झाले ते माझ्या शिक्षकांना विचारावे. एकेक परिच्छेद शब्दकोश घेऊन वहीत उतरवून काढला. आपल्याकडे प्राणिशास्त्र नाही, म्हणून शेजारच्या महाविद्यालयातील एका सरांना भीत भीत भेटलो. कला शाखेचा मुलगा हे विचारतोय म्हणून त्यांना नवल वाटले; पण त्यांनी सूक्ष्मदर्शक उघडून दिला. पहिल्यांदा त्यांनी मला दाखवले ते समुद्रातले कोपेपॉड नव्हतेच. त्यांच्या अंगणातल्या कमळाच्या हौदातले पाणी त्यांनी काचपट्टीवर घेतले. त्यात नासपतीच्या आकाराचा एक प्राणी झटके देत पळत होता. कपाळावर मधोमध एकच लाल डोळा, आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबत होत्या. सर म्हणाले, ‘‘हा सायक्लॉप्स. गोड्या पाण्यातला कोपेपॉड. ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाचे नाव याला दिलेय. नारू ऐकलाय का कधी?’’

नारू मी ऐकला होता. माझ्या आजीच्या उजव्या घोट्यावर नारूची खूण आहे.

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते अगदीच विषयांतर नाही. आजी लहान असताना माणमधल्या त्यांच्या गावी पायऱ्यांची विहीर होती. पाणी खोल गेलेले, म्हणून बाया पाण्यात पाय बुडवून घागरी भरत. ज्याच्या पायात नारू, त्याचा पाय पाण्याला लागला की जखमेतून जंताची हजारो पिले पाण्यात पडत. ती पिले सायक्लॉप्स खाई. सायक्लॉप्सच्या पोटात ती सुमारे दोन आठवडे वाढत. ते पाणी कोणी प्याले की सायक्लॉप्स माणसाच्या पोटात मरे, नारू मात्र जगे, आणि साधारण वर्षभराने मीटरभर लांबीची मादी पायाला फोड आणून बाहेर डोकावे. मग तिला काडीवर गुंडाळत रोज थोडी थोडी ओढायची. तुटली तर पाय सुजून माणूस महिना महिना अंथरुणावर. नेमकी पेरणीच्या दिवसांत घरातली दोन-तीन माणसे अशी पडली की त्या वर्षी त्या घराला उपास. आजीची शाळा चौथीत सुटली ती नारूने, असे ती सांगते.

सायक्लॉप्सचा यातला भाग प्रथम ओळखला तो फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञाने, १८७० च्या सुमारास, तुर्कस्तानात. आपल्या देशात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुरू झाला. त्याला लस नव्हती, औषध नव्हते. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून किंवा बांधून घेऊन रहाटाच्या केल्या, पाण्यात सायक्लॉप्सनाशक औषध घातले, आणि घराघरांत एक गोष्ट सांगितली : पाणी दाट कापडातून गाळून प्या. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. एवढा मोठा रोग एका कापडाच्या तुकड्याने हटला असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

तेच कापड पुढे माझ्या कामी आले.

सरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात आणून दिली. हा काही निव्वळ श्रीमंतांच्या काचेच्या टाकीचा प्रश्न नाही. शेततळ्यात कटला-रोहूचे बीज सोडण्यापूर्वी शेतकरी तळ्यात शेण टाकतात, ते मासे शेण खातात म्हणून नव्हे. शेणाने पाण्याला खत मिळते, खताने पाणी हिरवे होते, हिरव्या पाण्यावर प्राणिप्लवक वाढते, आणि दहा-पंधरा दिवसांनी बोटुकली सोडायची तेव्हा त्यांचे ताट वाढून तयार असते. ताट वाढले की नाही हे पाहायची रीतही आहे : ५० लिटर पाणी बोल्टिंग सिल्कच्या जाळीतून गाळायचे आणि तळाशी मिलिलिटर-दोन मिलिलिटर साका जमला तर तळे तयार. ही बोल्टिंग सिल्क मूळची पिठाच्या गिरणीतील चाळणीची. म्हणजे पाणी गाळणे, पीठ चाळणे आणि माशाचे अन्न मोजणे या तीन गोष्टी एकाच कापडाच्या.

शेततळ्यात जे शेण करते, ते खाऱ्या टाकीत कसे करायचे, हा खरा प्रश्न. तेथे शेण टाकले तर दुसऱ्याच दिवशी सगळे मासे वर येतील. कोपेपॉडांना टाकीत तीन गोष्टी लागतात, असे माझ्या लक्षात आले : खायला काहीतरी हिरवे, लपायला जागा, आणि मारणाऱ्यापासून सुटका. यातली लपायची जागा सर्वांत महत्त्वाची, असे माझे मत झाले आहे, आणि दुकानात तीच कोणी मागत नाही. गिऱ्हाइकाला टाकी स्वच्छ हवी असते. पांढरी वाळू, दोन गुळगुळीत दगड, चकचकीत काच. अशा टाकीत कोपेपॉड म्हणजे गवत कापलेल्या माळावरचा ससा.

म्हणून खडक सच्छिद्र हवा, एकावर एक रचलेला, फटी असलेला. परदेशात यासाठी समुद्रातून जिवंत खडक, म्हणजे जीवजंतूंसह प्रवाळाचे तुकडे, उचलून आणत. आपल्याकडे ते बेकायदा आहे. दगडी प्रवाळाच्या सर्व जातींना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. आणि ते योग्यच आहे. आपल्या एका टाकीसाठी समुद्राचे घर मोडायचे कशाला? साधा भोकाभोकांचा चुनखडीचा दगड किंवा त्यासाठी तयार केलेले भाजक्या मातीचे ठोकळे काही महिन्यांत तेच काम करतात. फक्त धीर धरायला हवा.

त्याहून चांगली युक्ती म्हणजे आसऱ्याची वेगळी टाकी. मुख्य टाकीच्या शेजारी एक लहान टाकी ठेवायची. मुख्य टाकीचे पाणी हळूहळू तिच्यात यायचे आणि परत जायचे. तिच्यात मासा एकही सोडायचा नाही. दगडाचे बारीक तुकडे आणि एक प्रकारचे समुद्रशैवाल घालायचे. हे शैवाल हुबेहूब हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याच्या गुंतवळ्यासारखे दिसते. त्या गुंत्यात कोपेपॉडांची पिढ्यान् पिढ्या वस्ती होते आणि वाढलेली संख्या पाण्याबरोबर मुख्य टाकीत जात राहते. शैवाल पाण्यातला नको असलेला नायट्रेटही खाऊन टाकते, हा वरचा फायदा. तिच्यावरचा दिवा रात्री लावतात आणि दिवसा विझवतात. रात्री मुख्य टाकीतला उजेड गेला की पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठून आम्लता थोडी वाढते. शेजारी शैवाल जागे असले की ती चढउतार कमी होते. गावाच्या शिवारात गायरान राखून ठेवायचे, तसा हा प्रकार.

मालकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘‘मासा नसलेली टाकी दुकानात ठेवू? गिऱ्हाईक हसेल.’’ शेवटी मागच्या खोलीत एक चिरा गेलेली जुनी टाकी पडून होती, ती डिंक भरून वापरायची परवानगी मिळाली. मालकांचे हे उपकारच.

आता बियाणे कोठून आणायचे? कोपेपॉडांच्या बाटल्या कुरिअरने येतात, पण उन्हाळ्यात त्या निम्म्या मेलेल्या येतात. मी रत्नागिरीला जायचे ठरवले. खरे सांगायचे तर तोपर्यंत मी समुद्र पाहिलाच नव्हता. भूगोलाच्या पेपरात भरती-ओहोटीवर दहा गुणांचे उत्तर लिहिले होते, पण समुद्र नाही. कोल्हापूर, मग आंबा घाट, मग उतार. घाटाखाली हवा बदलते, ओलसर होते. रत्नागिरीला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. १९५८ सालापासूनचे हे केंद्र आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे, आणि तेथील मत्स्यालय लोकांना पाहता येते. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचे, ते पाहायची माझी फार इच्छा होती. परंतु अलीकडे ते बंद आहे. रत्नागिरीचे पाहून मात्र पोट भरले.

ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर गेलो. समुद्र मागे सरला की खडकांच्या खळग्यांत पाणी राहते. ऊन पडले की ते तापते, आटते, जास्त खारट होते. पाऊस पडला की गोडसर होते. असल्या खळग्यांत काही कोपेपॉड मजेत राहतात. मोठा मासा तेथे टिकत नाही, हीच त्यांची सोय. एक मावशी कालवे फोडत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, ‘‘काय शोधतोस रे?’’ मी बाटली उंच धरून दाखवली. त्यांनी डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘ही तर पाण्याची धूळ.’’ मला हा शब्द फार आवडला. बाटलीत उन्हासमोर ती धूळ स्वतःहून हालत होती.

असे आणलेले पाणी थेट टाकीत ओतायचे नाही. त्यातून माशांचे परजीवी येऊ शकतात. मी ते दोन महिने माशाशिवाय बरणीत ठेवले. बहुतेक परजीवींना अंगावर बसायला मासा मिळाला नाही की त्यांचा वंश खुंटतो. याच दोन महिन्यांत कोपेपॉड वाढवताही आले.

वाढवण्याची कृती अवघड नाही, पण तिला रोज लक्ष लागते. २० लिटरची पाण्याची बरणी घेतली. साबणाने धुतलेली नको, साबणाचा अंशही त्यांना मारतो. समुद्राचे पाणी संपल्यावर दुकानातले कृत्रिम समुद्री मीठ लिटरला ३५ ग्रॅम या प्रमाणात मिसळले. येथे घरचे मीठ चालत नाही. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोरीन मिळून सुमारे ८५ टक्के असले, तरी उरलेल्या भागातले मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे नसतील तर जीव जगत नाहीत. हवेची नळी उघडी ठेवून मोठे बुडबुडे सोडले. बारीक बुडबुड्यांचा दगड लावला तर ते अंगाला चिकटून प्राणी वर तरंगतात. दुसऱ्या बरणीत हिरवे पाणी, म्हणजे सूक्ष्म समुद्री शैवाल, ट्यूबलाइटच्या उजेडात वाढवले. कोपेपॉडांच्या बरणीत हे हिरवे पाणी इतकेच ओतायचे की रंग पातळ पोपटी व्हावा. दोन-तीन दिवसांत बरणी पुन्हा निर्मळ झाली की समजायचे, जेवण झाले. मग पुन्हा ओतायचे. जास्त ओतले की तळाशी सडते आणि रात्रीतून सगळे संपते. माझी पहिली बरणी अशीच गेली. आईने आजारी माणसाला बळे बळे जेवू घालावे, तसे मी केले होते.

अंड्यातून जे पिलू निघते ते आईबापांसारखे दिसतच नाही, एखाद्या लहान गोचिडासारखे दिसते. कात टाकत टाकत अकरा अवस्था ओलांडून ते पूर्ण वाढते. उबदार पाण्यात हे दोन-तीन आठवड्यांत होते. या खडकावरच्या जातींत मादीच्या पोटाखाली अंड्यांची पिशवी एकच असते, सायक्लॉप्ससारख्या दोन नसतात. पहिल्यांदा भिंगातून अशी पिशवी दिसली तेव्हा मी बरणीला हात जोडले होते, हे आता सांगायला हरकत नाही.

घरी बरणी ठेवली होती ती आजीच्या खाटेशेजारी, कारण घरात सावलीची जागा तेवढीच. एके दिवशी मी दाट कापडातून पाणी गाळून कोपेपॉड वेगळे करत होतो. गाळात मोठे राहतात, पिले कापडातून निसटून खाली जातात, आणि तेच हवे असते, कारण ती पुढची पिढी. आजी बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, ‘‘ह्यात काय हाय?’’ मी भिंग दिले. सायक्लॉप्सच्या कुळातला आहे, असे सांगितले. ती म्हणाली, ‘‘आरं, आमी ह्यो किडा टाकायला पानी गाळत व्हतो, आन् तू ठिवायला गाळतूस?’’ आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. नंतर दोन दिवस मात्र तिने त्या बरणीजवळ आपला तांब्या ठेवला नाही. मी तिला समजावले की खाऱ्या पाण्यातले हे गोड्या पाण्यात जगत नाहीत आणि नारू तर आता देशातच नाही. तिने ऐकून घेतले. तांब्या तरीही लांबच राहिला.

सर्वांत जास्त त्रास झाला एप्रिल-मे महिन्यांत. आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि या जिवांना तिशीच्या आतले पाणी हवे. बरणीभोवती ओले गोणपाट गुंडाळले, माठाचे तत्त्व वापरले, आणि पाणी चार-पाच अंशांनी उतरले. पण बाहेरच्या उन्हाने बरणीतले पाणीही आटत होते. आटलेले पाणी भरून काढायचे ते खाऱ्या पाण्याने नव्हे, गोड्या शुद्ध पाण्याने. कारण वाफ होते ती नुसत्या पाण्याची, मीठ मागेच राहते. मी पहिल्यांदा चुकून खारेच घालत गेलो आणि खारटपणा चढत गेला. ही चूक नवी नाही. कृष्णाकाठी वाळवे, मिरज, पलूसकडे उसाला पाट फोडून पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्या, तेथे हेच झाले : पाणी हवेत गेले आणि क्षार पांढरे होऊन मातीवर बसले. भूगोलाच्या वहीत ‘केशाकर्षण’ ही व्याख्या मी पाठ केली होती. बरणीच्या काठावर मिठाची पांढरी रेघ पाहिली तेव्हा ती मला समजली.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? दुकानात आर्टिमियाची अंडी डब्यात मिळतात. मिठाच्या पाण्यात हवा सोडून ठेवली की दीड दिवसात पिले तयार. खरे आहे. आर्टिमियाची कोरडी अंडी वर्षानुवर्षे टिकतात. आपल्या सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळी डबक्यांत त्याचेच भाऊबंद राहतात. डबके आटते, अंडी मातीत पडून राहतात, आणि पुढच्या पावसात पुन्हा उमलतात. त्यातल्या एका जातीला २०१४ साली सह्याद्रीचेच नाव देण्यात आले. पण आर्टिमिया हा मिठागरांचा आणि खाऱ्या सरोवरांचा प्राणी. त्याच्या अंगात माशांना हवी ती स्निग्धाम्ले कमी, आणि उमलल्यावर काही तासांतच पोटातला बलक संपून तो आणखी निःसत्त्व होतो. शिवाय तो टाकीत टिकत नाही, पिढी धरत नाही. पाहुण्याला चहा-पोह्यांवर ठेवता येते, पण किती दिवस?

एक गोष्ट राहिली. कोपेपॉड मारणाऱ्या वस्तू आपणच टाकीला लावतो : पाणी गाळणारे दाट मोजे, जंतू मारणारा अतिनील दिवा, आणि अर्थात तांबे. पहिल्या दोन निदान कोपेपॉड सोडल्यानंतर रात्रभर बंद ठेवता येतात. तिसरे मुख्य टाकीत कधीच घालायचे नाही. आजारी मासा काढून वेगळ्या टाकीत न्यायचा आणि औषध तेथे द्यायचे. आमच्या दुकानात आता त्यासाठी एक उघडी टाकी ठेवली आहे, आणि तिच्यावर मी खडूने ‘दवाखाना’ असे लिहिले आहे.

तांबे धरून बसलेला जुना खडक आणि वाळू आम्ही काढून टाकली. नव्या खडकात कोपेपॉड सोडून आता सात महिने झाले. दिवसा काही दिसत नाही. पण दुकान बंद करण्याआधी सगळे दिवे घालवून पाच मिनिटे थांबतो आणि मग बॅटरी काचेला टेकवून लावतो. सुरुवातीला काचेवर दोन-चार पांढरे ठिपके सरकताना दिसत. गेल्या महिन्यात एका वीतभर जागेत मी चाळीसपर्यंत मोजले आणि मग मोजणे सोडून दिले.

मालक आता दुसरा मँडरिन मागवू म्हणतात. मी आणखी तीन महिने थांबायला सांगितले आहे. एक मासा रोज किती टिपतो आणि आमची आसऱ्याची टाकी रोज किती देते, याचा ताळा अजून बसलेला नाही. मागच्या आठवड्यात तेच पहिले गिऱ्हाईक आले होते. आपल्या घरच्या टाकीसाठी त्यांना मँडरिनच हवा होता. मी विचारले, ‘‘साहेब, टाकी लावून किती दिवस झाले?’’

‘‘तीन आठवडे,’’ ते म्हणाले.

मी त्यांना मासा मागवून दिला नाही. एक बाटली भरून दिली, पाण्याच्या धुळीची.